गरम विसर्ग आणि जलचर: प्रकल्प नोंदी, कोल्हापूर, २०२४-२५

२ डिसेंबर २०२४

वीज केंद्रांतून बाहेर पडणाऱ्या गरम पाण्याचा जलचरांवर काय परिणाम होतो, हा विषय पदव्युत्तर वर्गातील दोन विद्यार्थिनींनी प्रकल्पासाठी मांडला, तेव्हा विभागात पहिला आक्षेप निघाला तो असा की कोल्हापूर जिल्ह्यात कोळशावर चालणारे मोठे केंद्र नाही, मग प्रत्यक्ष पाहायचे काय? आक्षेप रास्त होता. राज्यातील मोठी औष्णिक केंद्रे चंद्रपूर, कोराडी, भुसावळ, परळी अशी दूरवर आहेत. अणुवीज केंद्र आहे ते तारापूरला, समुद्रकाठी. आणि आपल्या शेजारची कोयना किंवा राधानगरी ही जलविद्युत केंद्रे असल्याने त्यांना पाणी तापवण्याचे कारणच नाही. तरीही विषय सोडावा असे मला वाटले नाही, कारण या जिल्ह्यातील अनेक साखर कारखान्यांना सहवीज प्रकल्प जोडलेले आहेत आणि बॉयलर, टर्बाइन, कंडेन्सर ही साखळी तिथेही तीच आहे, फक्त आकाराने लहान. शिवाय उसाच्या वजनाचा सुमारे ७० टक्के भाग पाणीच असल्याने गळीत हंगामात कारखान्याकडे स्वतःचेच पाणी उरते आणि त्यातले काही कोमट अवस्थेत नाल्याला लागते.

अशा एका नाल्याचे तोंड पंचगंगेच्या एका बंधाऱ्याच्या फुगवट्यात आहे. कारखान्याचे नाव नोंदीत किंवा अहवालात कुठेही घ्यायचे नाही, असे आजच ठरवले. आपला प्रश्न उष्णतेचा आहे. कोणावर ठपका ठेवणे हे आपले काम नाही.

कामाचे दोन भाग असतील. नदीवर तापमान आणि विरघळलेला प्राणवायू मोजणे हा एक, आणि प्रयोगशाळेतील काचेच्या टाक्यांत फक्त उष्णता बदलून मासे पाहणे हा दुसरा. नाल्याच्या पाण्यात उष्णतेबरोबर सेंद्रिय द्रव्येही येतात, त्यामुळे नदीवर जे दिसेल त्याचे कारण केवळ उष्णता आहे असे म्हणता येणार नाही, ही अडचण टाक्यांमुळे काही प्रमाणात दूर होईल.

९ डिसेंबर २०२४

सर्व तापमापके बर्फाच्या पाण्यात आणि एका प्रमाणित तापमापकाशेजारी धरून तपासली. एक सतत अर्धा अंश जास्त दाखवते, तिच्यावर तशी चिठ्ठी लावली. विरघळलेला प्राणवायू मोजण्याच्या विंकलर पद्धतीसाठी लागणारी मँगनीज सल्फेट, अल्कली-आयोडाइड आणि थायोसल्फेटची द्रावणे तयार झाली. खोलीवरचे पाणी काढण्यासाठी लागणारी बाटली विभागात नव्हती. दगडाचे वजन, दोरी आणि झटक्याने उघडणारे रबरी बूच वापरून ती बनवून घेतली.

१७ डिसेंबर २०२४

नदीवरची पहिली फेरी सकाळी सातला केली. ही वेळ मुद्दाम निवडली, कारण रात्रभर शेवाळ आणि मासे दोघेही प्राणवायू वापरत असल्याने पहाटेनंतर पाण्यातील त्याचे प्रमाण सर्वांत कमी असते. दुपारी घेतलेला नमुना नदीची प्रकृती आहे त्यापेक्षा ठणठणीत दाखवतो.

बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, घातलेले असल्यामुळे पाणी जवळजवळ स्थिर होते. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचा हेतूच तो आहे: पावसाळ्यात बरगे काढून पूर वाहू द्यायचा आणि पाऊस सरला की बरगे घालून पाणी अडवायचे. शेतीला यासारखी सोय नाही. मात्र बरगे घालण्याचा काळ आणि गळीत हंगाम हे दोन्ही जवळपास एकाच वेळी सुरू होतात, म्हणजे गरम पाणी यायला लागते ते नदी वाहायची थांबते तेव्हाच. या अभ्यासात पुढे जे काही सापडेल त्याच्या मुळाशी ही गोष्ट असेल असा माझा अंदाज आहे.

नाल्याच्या तोंडाशी पाणी ३८ अंश होते. तिथून काही मीटर आत, होडीतून, पृष्ठभागावर २७ आणि तीन मीटर खाली तळाशी साडेबावीस अंश. नाल्याच्या वरच्या बाजूला, जिथे गरम पाणी पोहोचत नाही, तिथे पृष्ठभागावर २३ आणि तळाशी साडेबावीस. गरम पाणी हलके असते, ते वर तरंगत राहते. २० अंशांच्या एक घनमीटर पाण्याचे वजन ९९८ किलो असेल तर ३० अंशांच्या पाण्याचे ९९६ च्या आत भरते. फरक दोन-अडीच किलोंचाच, परंतु पाणी संथ असेल तर थर वेगळे राहण्यास तेवढा पुरेसा होतो.

तळाच्या नमुन्याची विंकलर बाटली पाहताना विद्यार्थिनी थबकल्या. वरच्या बाजूच्या पाण्यात दोन्ही द्रावणे घालताच तपकिरी, लोकरीसारखा साका तयार झाला आणि सावकाश तळाशी बसला. नाल्यासमोरच्या तळाच्या पाण्यात तोच साका पांढुरक्याच्या जवळ जाणारा, अगदी फिकट पिवळसर आला. साका पांढरा राहणे याचा अर्थ मँगनीजला जोडून घ्यायला प्राणवायूच नव्हता. टायट्रेशन करण्याआधीच उत्तर कळले होते. केल्यावर ते दीड मिलिग्रॅम प्रति लिटरच्या आसपास आले.

या ठिकाणी सावध राहायला हवे. तळाचे पाणी गरम नव्हते, म्हणून तिथला प्राणवायू उष्णतेने घटला असे म्हणता येत नाही. गाळातील सेंद्रिय द्रव्य कुजताना तो संपला. उष्णतेचा दोष इतकाच की वरच्या गरम थराने झाकणासारखे काम केले आणि हवेतून मिळणारा प्राणवायू खाली जाऊ दिला नाही.

२८ डिसेंबर २०२४

आज हिशोबाला बसलो. संत्रे सोडून, अंतर आणि वेळ मोजून नाल्याचा प्रवाह काढला होता, तो सेकंदाला सुमारे ४० लिटर आला. नदीच्या पाण्यापेक्षा तो पंधरा-सोळा अंशांनी गरम धरल्यास नदीत पडणारी उष्णता अडीच ते तीन मेगावॉट होते.

आता खऱ्या वीज केंद्राचे पाहू. कोळशातील ऊर्जेपैकी ३५ ते ३८ टक्के विजेत उतरते, काही धुराड्यातून जाते आणि जवळपास निम्मी कंडेन्सरमध्ये वाफेचे पुन्हा पाणी करताना थंड पाण्याला द्यावी लागते. १,००० मेगावॉटच्या केंद्रात ही टाकाऊ उष्णता साधारण १,२५० मेगावॉट भरते. नदीचे पाणी एकदाच कंडेन्सरमधून फिरवून परत नदीत सोडायचे आणि ते १० अंशांहून जास्त तापू द्यायचे नाही असे ठरवले, तर सेकंदाला ३० घनमीटर, म्हणजे सुमारे १,०६० क्युसेक (सेकंदाला घनफूट) पाणी अखंड लागते. अणुवीज केंद्राची कार्यक्षमता ३३ टक्क्यांच्या आसपास असते आणि त्याला धुराडे नसल्याने उरलेली जवळजवळ सगळी उष्णता पाण्यातच जाते. तिथे हाच आकडा १,७०० क्युसेकच्या घरात पोहोचतो.

कोल्हापुरात क्युसेक समजावून सांगावा लागत नाही. राधानगरीचा एक स्वयंचलित दरवाजा उघडला की १,४२८ क्युसेक सुटतात, हे पावसाळ्यात लहान मुलालाही पाठ असते. १,००० मेगावॉटच्या अणुवीज केंद्राला असा एक दरवाजा कायमचा, एप्रिल-मेमध्येही, उघडा ठेवावा लागला असता आणि तरीही पाणी कमी पडले असते. म्हणून अशी केंद्रे एक तर समुद्रकाठी जातात, नाही तर कूलिंग टॉवर बांधून तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरवतात. टॉवरमध्ये उष्णता हवेत जाते. नदी तापत नाही, मात्र बाष्पीभवनाने काही पाणी कायमचे जाते. फुकट काहीच मिळत नाही.

आपला नाला मोठ्या केंद्राच्या तुलनेत सुमारे पाचशेपटीने लहान आहे. त्यामुळे आपले निष्कर्ष चंद्रपूरला किंवा तारापूरला जसेच्या तसे लावता येणार नाहीत, हे अहवालाच्या पहिल्याच पानावर लिहायचे.

६ जानेवारी २०२५

रोहूच्या बोटुकल्या, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, एका मत्स्यशेतकऱ्याकडून प्राणवायू भरलेल्या पिशव्यांतून आल्या. पिशव्या तोंड न सोडता टाकीच्या पाण्यात तरंगत ठेवल्या, आतले-बाहेरचे तापमान जुळल्यावरच मासे सोडले. शेतकऱ्याने हे दोनदा बजावून सांगितले होते. पिढ्यान्‌पिढ्या मासे वाढवणाऱ्यांना तापमानाचा धक्का म्हणजे काय हे पुस्तक न वाचता ठाऊक असते.

तीन टाक्या ठेवल्या आहेत: एक खोलीच्या तापमानाची, सध्या २३ अंश; दुसरी तिच्याहून पाच अंश वर; तिसरी दहा अंश वर. पाच आणि दहा हे आकडे सरकारी नियमांतून उचलले आहेत, त्याची चर्चा पुढे करीन. तापमान रोज थोडे थोडे चढवत न्यायचे. मासा तोल सोडून आडवा होईपर्यंत पाणी तापवण्याची जी प्रचलित चाचणी आहे, ती करायची नाही असे मी सुरुवातीलाच सांगितले. त्या चाचणीचे निकाल उपलब्ध आहेत, गरम पाण्याला सरावलेल्या रोहूच्या बोटुकल्या ४० अंशांच्या पुढेही काही काळ तग धरतात हे माहीत आहे, आणि ते पुन्हा पाहण्यासाठी मासे मारण्यात शिकण्यासारखे काही नाही.

त्याऐवजी कल्ल्यांची उघडझाप मोजायची. मासा थंड रक्ताचा. पाणी दहा अंशांनी तापले की त्याच्या शरीरातील रासायनिक क्रियांचा वेग साधारण दोन ते तीन पट होतो, आणि प्राणवायूची गरजही त्याच प्रमाणात वाढते. नेमकी त्याच वेळी पाण्याची प्राणवायू धरून ठेवण्याची ताकद घटते. समुद्रसपाटीला संपृक्त पाण्यात २० अंशांना ९.१, २५ ला ८.३, ३० ला ७.६ आणि ३५ ला जेमतेम ७ मिलिग्रॅम प्रति लिटर इतकाच प्राणवायू मावतो. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच असल्याने हवेचा दाब कमी आहे, म्हणून यातून आणखी सहा-सात टक्के वजा करायचे. मागणी वाढत असताना पुरवठा आटतो, असा हा दुहेरी पेच आहे. त्यात गरम पाण्यात रक्तातील हिमोग्लोबिनची प्राणवायूवरची पकडही ढिली होते, म्हणजे कल्ल्यांना ती तूट भरून काढायला आणखी झटावे लागते.

१४ जानेवारी २०२५

तिन्ही टाक्या ठरल्या तापमानाला पोहोचून स्थिर झाल्या. २८ अंशांच्या टाकीतील मासे सर्वांत तरतरीत दिसतात; खाद्य टाकताच झेपावतात, आणि २३ अंशांचे मासे तेच खाद्य सावकाश टिपत राहतात. ३३ अंशांच्या टाकीत कल्ल्यांची उघडझाप थंड टाकीच्या पावणेदोनपट भरली. विद्यार्थिनींना हे अपेक्षित नव्हते की पाच अंशांची वाढ माशांना मानवेल. मला ते साहजिक वाटले: रोहू, कटला, मृगळ हे उष्ण प्रदेशातले मासे आहेत, तिशीच्या आतबाहेरचे पाणी त्यांच्या वाढीला पोषकच असते, आणि जानेवारीतील कोल्हापूरचे पाणी त्यांच्यासाठी थंड आहे.

याचा अर्थ गरम पाणी निरुपद्रवी असा मात्र काढायचा नाही. कोणत्या महिन्यात, किती तापलेल्या पाण्यावर ते पाच अंश चढतात, हे विचारल्याखेरीज ‘पाच अंश’ या शब्दांना अर्थ येत नाही. माझ्या मते या प्रकल्पाला सांगण्यासारखे काही असेल तर ते हेच, आणि एप्रिलपर्यंत थांबून ते तपासायला हवे.

२१ जानेवारी २०२५

दुपारी अडीचला इमारतीची वीज गेली ती रात्री साडेनऊपर्यंत आली नाही. हीटर बंद, हवा सोडणारे पंपही बंद. केंद्र अचानक बंद पडल्यावर काय होते याची ही आयती रंगीत तालीम आहे, असे समजून दोघी विद्यार्थिनी तिथेच थांबल्या आणि दर अर्ध्या तासाला नोंद घेत राहिल्या.

अपेक्षा होती ती थंडीच्या धक्क्याची. पण साठ लिटरची टाकी सावकाश निवते. सात तासांत पाणी ३३ वरून जेमतेम २७ पर्यंत उतरले, आणि एवढ्या संथ बदलाने बोटुकल्यांना काही झाले नाही. झाले ते वेगळेच. दीड तासाच्या आत तिसऱ्या टाकीतील मासे पृष्ठभागाशी येऊन, तोंड वर करून, हवा आणि पाणी एकत्रच गिळू लागले. त्याच वेळी पहिल्या टाकीतील मासे तळाशी निवांत होते, आणि ते रात्री आठनंतर वर आले. टाकी तेवढीच, मासे तेवढेच, पंप एकाच क्षणी बंद पडलेले. फरक एकट्या तापमानाचा. संध्याकाळी साडेचारला तिसऱ्या टाकीत हाताने पाणी ओतून-ढवळून हवा मिसळावी लागली, नाही तर मासे गेले असते.

उष्णतेने मासा मरतो असे आपण म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा तो शिजून मरत नाही, गुदमरून मरतो. वाहत्या, स्वच्छ पाण्यात ३३ अंश सोसणारा मासा, पाणी साचलेले आणि घाणीने भरलेले असेल तर त्याच ३३ अंशांत तग धरत नाही.

आणखी एक गोष्ट नोंदवून ठेवतो. मुख्यतः माशांच्या कल्ल्यांतून पाण्यात येणाऱ्या अमोनियाचे दोन प्रकार असतात आणि त्यांतला आयनरहित प्रकार विषारी असतो. सामू ८ असलेल्या पाण्यात त्याचा वाटा २० अंशांना चार टक्क्यांच्या आत, तर ३० अंशांना साडेसात टक्क्यांच्या आसपास असतो. अमोनिया मुळीच न वाढता, केवळ पाणी तापल्याने, त्याचा जहरीपणा दुप्पट होतो. सांडपाणी मिसळणाऱ्या कोणत्याही नदीला हा हिशोब लागू पडतो.

२ फेब्रुवारी २०२५

सकाळच्या फेरीत नाल्याच्या तोंडाशी जाळे लावून बसलेले एक वयस्कर मामा भेटले. बुट्टीत चिलापी होती, दोन शिंगटे होते आणि एक बऱ्यापैकी मरळ. विद्यार्थिनींनी विचारले, “मामा, या गरम पाण्यात मासे कसे राहतात?” त्यावर ते म्हणाले, “थंडीत हितंच तर घावत्यात की! पाणी ऊन लागतंय त्यास्नी. पण कारखाना बंद पडला की चार दिस हिकडं फिरकू नगा, काय मिळायचं न्हाई.” मग ते मासे मरतात का, या प्रश्नावर उत्तर आले, “मरत्यात कुठलं, पळत्यात. पळाय जागा असली म्हंजे.”

‘पळाय जागा’ हा मुद्दा शास्त्रीय साहित्यातही मध्यवर्ती आहे. फ्लोरिडातील मॅनाटी हे सस्तन प्राणी हिवाळ्यात वीज केंद्रांच्या गरम विसर्गाशी शेकड्याने जमतात आणि जुने केंद्र बंद करायचे म्हटले की त्यांचे काय करायचे हा प्रश्न उभा राहतो. न्यू जर्सीतील ऑयस्टर क्रीक अणुवीज केंद्राजवळ मेनहेडन जातीचे मासे थंडीत दक्षिणेकडे न जाता गरम पाण्यात थांबले. जानेवारी १९७२ मध्ये केंद्र बंद झाले, पाणी एकाएकी थंड पडले आणि ते मोठ्या संख्येने मेले. त्या माशांना गरम पाण्याने मारले नाही. गरम पाण्याच्या भरवशावर ते नको तिथे राहिले आणि तो आधार कोणतीही पूर्वसूचना न देता काढून घेतला गेला.

कोल्हापूरच्या नदीचे पाणी जानेवारीतही वीस अंशांच्या खाली फारसे जात नाही, त्यामुळे असा प्राणघातक थंडीचा धक्का इथे संभवत नाही. परंतु मामांनी सांगितलेली पळण्याची जागा डिसेंबरच्या नमुन्यात आपण मोजलीच आहे: वर गरम पाणी, खाली प्राणवायू नसलेले पाणी, आणि मधला एखादा मीटर.

११ फेब्रुवारी २०२५

आजचा दिवस नियमांचा. पर्यावरण संरक्षण नियमांत डिसेंबर १९९८ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार १ जून १९९९ नंतर सुरू झालेल्या आणि नदी, तलाव किंवा जलाशयाचे पाणी वापरणाऱ्या प्रत्येक औष्णिक केंद्राला कूलिंग टॉवर बंधनकारक झाला, मग त्याची क्षमता कितीही असो. समुद्राचे पाणी वापरणाऱ्या नव्या केंद्रांनी विसर्गाच्या जागी समुद्राचे तापमान मूळ तापमानापेक्षा ७ अंशांहून जास्त वाढू द्यायचे नाही. जुन्या केंद्रांसाठी कंडेन्सरमध्ये शिरणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या पाण्यातला फरक १० अंशांच्या आत हवा. खाड्यांत, तसेच खारफुटी, प्रवाळ आणि माशांच्या प्रजननाच्या जागांजवळ असा विसर्ग करायचाच नाही. डिसेंबर २०१५ मध्ये पुढचे पाऊल पडले आणि एकदाच पाणी फिरवणाऱ्या जुन्या केंद्रांनाही टॉवर बसवण्यास सांगितले गेले. इतर सांडपाण्याला लागू असलेला सर्वसाधारण निकष ५ अंशांचा आहे.

नियम वाईट नाहीत. खाड्या आणि प्रवाळांबद्दलची अट तर दूरदृष्टीची आहे, कारण फ्लोरिडातील टर्की पॉइंट केंद्राच्या गरम पाण्याने बिस्केन उपसागरातील समुद्री गवत साठच्या दशकाच्या अखेरीस उजाड झाले होते आणि त्यानंतर तिथे पाणी निववण्यासाठी मैलोन्‌मैल कालवे खोदावे लागले. माझी तक्रार एवढीच की हे सगळे आकडे वाढीचे आहेत. मूळ तापमान किती, प्राणवायू किती, पाणी वाहते की साचलेले, यांचा त्यांत उल्लेख नाही. नदीच्या मध्यभागी, तळाशी विसर्ग करावा ही सूचना आहे खरी, पण तिचा आधार असा की तिथे प्रवाह ते पाणी मिसळून टाकील. बरगे घातलेल्या फुगवट्यात तो प्रवाह कुठून आणायचा?

२७ फेब्रुवारी २०२५

नाल्याच्या तोंडाशी आणि वरच्या बाजूला बुडवून ठेवलेल्या काचपट्ट्या आज काढल्या. वरच्या बाजूच्या पट्टीवर सूक्ष्मदर्शकाखाली नॅव्हिक्युलाच्या होडीच्या आकाराच्या पेशी आणि इतर डायटम (काचेसारख्या कवचाची एकपेशीय शेवाळे) भरपूर होते. तोंडाशी असलेल्या पट्टीवर हिरवट-काळसर, बोटाला बुळबुळीत लागणारा थर होता. त्यात ऑसिलॅटोरिया या नीलहरित जीवाणूचे धागे एकमेकांत गुंतलेले, आणि भिंगाखाली लक्ष देऊन पाहिल्यास प्रत्येक धाग्याचे टोक अगदी संथपणे झुलताना दिसत होते. पाणी तापत जाईल तसे डायटम मागे पडतात, हिरवी शेवाळे पुढे येतात आणि ३५ अंशांच्या आसपास नीलहरित जीवाणूंचे राज्य येते, हे जुने निरीक्षण आहे. ऑसिलॅटोरियाला सेंद्रिय घाणही मानवते, त्यामुळे इथला बदल निव्वळ उष्णतेचा असे मी लिहू देणार नाही. तळाच्या गाळातही कायरोनॉमिडच्या, म्हणजे कमी प्राणवायूतही टिकणाऱ्या डासासारख्या कीटकाच्या, लाल अळ्याच जास्त. स्वच्छ पाणी लागणाऱ्या मेफ्लाय या कीटकाची पिल्ले फक्त वरच्या बाजूच्या दगडांखाली मिळाली.

अन्नसाखळीच्या दृष्टीने हा बदल माशांच्या मृत्यूपेक्षा महत्त्वाचा आहे. मेलेला मासा काठाला लागतो, त्याचे छायाचित्र छापून येते. डायटम गेल्याचे कोणाच्या लक्षात येत नाही.

१० मार्च २०२५

गळीत हंगाम आटोपला, धुराडी थंडावली, नाला कोरडा. नाल्यासमोर पृष्ठभागाचे तापमान वरच्या बाजूइतकेच, २६ अंश. मामा म्हणाले होते तसे जाळेही नाही, मासाही नाही. मेलेले मासे आढळले नाहीत. तळाचा प्राणवायू किंचित सुधारला आहे, मात्र केंदाळाची चादर काठावरून मध्याकडे सरकू लागली आहे, त्यामुळे ही सुधारणा टिकेल असे वाटत नाही.

१६ एप्रिल २०२५

आजची फेरी दुपारी तीनला मुद्दाम केली. कोणताही गरम विसर्ग नसताना फुगवट्याच्या पृष्ठभागावर पाणी ३१ अंश, तळाशी २८. जानेवारीतील २३ वर पाच अंश म्हणजे २८, जे बोटुकल्यांनी आनंदाने स्वीकारले. आजच्या ३१ वर तेच पाच अंश म्हणजे ३६, आणि नियमाच्या दृष्टीने दोन्ही सारखेच निर्दोष. प्रौढ रोहू ३६ अंशही काही काळ सोसेल, पण अंड्यांचे तसे नाही. मत्स्यबीज केंद्रात या माशांची अंडी उबवताना पाणी २६ ते ३१ अंशांच्या दरम्यान राखतात. त्याबाहेर विकृत पिल्ले वाढतात आणि अंडी वाया जातात. म्हणजे प्रौढ मासा जिवंत दिसतो म्हणून पाणी ठीक आहे, हा निष्कर्ष एका पिढीपुरताच खरा ठरतो.

नदी स्वतःच तापलेली असताना वीज केंद्राची पंचाईत होते, याची उदाहरणे बाहेर आहेत. २००३ च्या युरोपातील उष्णतेच्या लाटेत फ्रान्समध्ये काही अणुवीज केंद्रांचे उत्पादन कमी करावे लागले, तर काहींना तापमानाच्या मर्यादेतून तात्पुरती सूट द्यावी लागली. ऑगस्ट २००७ मध्ये अलाबामातील ब्राउन्स फेरी केंद्राची एक अणुभट्टी टेनेसी नदी फार तापल्यामुळे थांबवली गेली. विजेची मागणी सर्वांत जास्त असते तेव्हाच नदी उष्णता घ्यायला नकार देते. आपला गळीत हंगाम उन्हाळ्याआधी संपतो, हे पंचगंगेचे नशीब. वर्षभर चालणाऱ्या केंद्राला ती सवलत नाही.

टाक्यांतील प्रयोगही आज संपवला. तिन्ही टाक्यांचे तापमान सावकाश एकसारखे करून बोटुकल्या त्याच मत्स्यशेतकऱ्याच्या तळ्यात परत दिल्या. २८ अंशांच्या टाकीतले मासे वजनाने सर्वांत पुढे होते. ३३ च्या टाकीतले लांबीला तेवढेच, पण अंगाने सडपातळ. खाल्लेले बहुतेक श्वासोच्छ्वासातच खर्ची पडले असावे.

५ मे २०२५

अहवालाचा मसुदा पूर्ण झाला. विद्यार्थिनींनी शेवटच्या प्रकरणात ‘तापमानवाढ पाच अंशांच्या आत असल्याने परिणाम नगण्य’ असे एक वाक्य लिहिले होते, ते काढून त्या जागी तीन रकान्यांचा तक्ता घालायला सांगितला: विसर्गाआधीचे तापमान, पहाटेचा तळाचा प्राणवायू आणि त्या दिवशी बंधाऱ्यावरून वाहणारे पाणी. कोणत्याही फेरीचा निष्कर्ष या तिन्हींशिवाय लिहायचा नाही, ही अट मी घातली आहे आणि त्यामुळे डिसेंबरच्या दोन फेऱ्या, ज्यांत बंधाऱ्यावरचा प्रवाह नोंदवलेला नाही, निष्कर्षांच्या भागातून परिशिष्टात गेल्या. दोघींना ते फारसे रुचलेले नाही.

पुढील हंगामासाठी तीन खोलींवर, दर पंधरा मिनिटांनी आपोआप तापमान टिपणारी उपकरणे मागवण्याचा प्रस्ताव दिला आहे. पैकी किमान एक तळाशी असावे, आणि ती बरगे घालण्याच्या आदल्या आठवड्यात बसवली जावीत, म्हणजे वाहती नदी साचताना काय होते तेही हाती लागेल. पावसाळ्याआधी बरगे काढण्यापूर्वी तळाच्या पाण्याचा आणखी एक नमुना घ्यायचा आहे. त्यासाठी विंकलरची द्रावणे ताजी करून शीतकपाटात ठेवली आहेत.